पोलादाच्या सांध्याची पारख

१६ जानेवारी १९४३ च्या रात्रीं अमेरिकेंतील पोर्टलंड येथें धक्क्याला बांधलेलें 'स्केनेक्टडी' हें नवेंकोरें तेलवाहू जहाज शांत पाण्यांत प्रचंड आवाज करून दुभंगलें. त्याचे पत्रे रिव्हेट ठोकून नव्हे, तर वेल्डिंगनें सांधलेले होते. साहजिकच संशय सांध्यांवर गेला. पुढें केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनीं दाखवून दिलें कीं, थंडींत तें पोलादच ठिसूळ होत असे. रिव्हेटांच्या जहाजांत पत्रा संपतां भेगही बहुधा थांबे. येथें ती अखंड सांध्यांतून पुढें धांवे. सांधा आंतून कसा आहे, हा प्रश्न तेव्हांपासून जिव्हाळ्याचा झाला.

पारख होई ती काम उरकल्यावर : क्ष-किरणांनीं छायाचित्र घ्यावें किंवा नमुना कापून पाहावा.

मग लेसर आला. १९६० सालीं मेमन यांनीं माणकाच्या कांडींतून पहिला लेसर-किरण काढला. १९६४ सालीं कुमार पटेल यांनीं बेल प्रयोगशाळेंत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. हे पटेल जन्मानें बारामतीचे, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे पदवीधर. बारामती म्हटलें कीं ज्यांना ऊसच आठवतो, त्यांनीं हेंही नांव लक्षांत ठेवावें. याच जातीचे लेसर पुढें कारखान्यांत धातु कापूं व सांधूं लागले.

एका बिंदूवर एकवटलेल्या किरणानें पोलाद नुसतें वितळत नाहीं, उकळतें. वाफेच्या दाबानें द्रवांत अरुंद, खोल विवर पडतें; किरणाबरोबर तें पुढें सरकतें आणि मागें द्रव मिटून सांधा होतो. विवर मध्येंच कोसळलें कीं आंत पोकळी राहते. मोटारींसाठीं वापरतात त्या उच्च-बल पोलादावर पुष्कळदां जस्ताचा मुलामा असतो. येथें दोन आंकडे सांगतों : जस्त ९०७ अंशांवर उकळतें, लोखंड १५३८ अंशांवर वितळतें. अर्थात् एकावर एक घट्ट ठेवलेल्या पत्र्यांमधील जस्ताची वाफ कोंडते आणि वितळलेला धातु उडवून लावते.

हा सांधा मिनिटाला कित्येक मीटर वेगानें धांवतो. तेथें माणसाचा डोळा काय पाहणार? म्हणून किरणाशेजारीं प्रकाशसंवेदक बसविले. वाफेची चमक, वितळलेल्या धातूची धग आणि परत फिरलेला लेसर, असा तिहेरी प्रकाश ते टिपतात व चांगल्या सांध्याच्या नोंदीशीं ताडून पाहतात. लोहार लोखंडाचा रंग पाहून घाव घालतो, त्याच जातीची ही रीत. तिची उणीव उघड आहे. चमक मंदावली, तर विवर उथळ झालें कीं भिंगावरची कांच मळली? म्हणून अलीकडे दुसरा एक मंद किरण विवरांत सोडून त्याची खोलीच मोजतात. माझ्या मतें खरी प्रगति ती हीच, कारण तेथें तर्काची जागा मापानें घेतली.

उच्च-बल पोलाद झपाट्यानें निवतांना सांध्यालगत कठीण व ठिसूळ होऊं शकतें, आणि भेग कधीं कधीं मागाहून पडते. ती त्या क्षणाच्या प्रकाशांत कोठून दिसणार? तिच्यासाठीं आजही नमुना कापून, घासून, अम्लानें उजळून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवतात.