सुईण, परिचारिका आणि प्रसूतितज्ज्ञ : नगर रस्त्यावरील बाळंतपणाचा इतिहास

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या आणि आजही ‘नगर रस्ता’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्गावर, हवेली तालुक्यात वाघोली वसले आहे. पिलाजी जाधवरावांचे आणि वाघेश्वर मंदिराचे हे गाव पुढे दगडखाणी व खडी क्रशर यांसाठी ओळखले जाऊ लागले आणि २०२१ मध्ये इतर बावीस गावांबरोबर पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. गर्भारपण, प्रसूती आणि नंतरचा सूतिकाकाळ यांचे वैद्यकशास्त्र शिकलेला डॉक्टर, म्हणजे प्रसूतितज्ज्ञ, या भागात आता सहज भेटतो. परंतु पुण्याच्या परिसरात या शिक्षणाची गरज बोलून दाखवली जाणे आणि त्याचा लाभ पूर्वेकडील खेड्यांतील बाळंतिणीला होणे यांमध्ये जवळजवळ शतकाचे अंतर पडले. घर आणि दवाखाना यांना जोडणारी प्रशिक्षित स्त्री घडण्यास लागलेला वेळ, हे त्याचे एक मुख्य कारण होय.

त्यापूर्वी बाळंतपण हे सर्वस्वी सुईणीचे काम होते. सुईण म्हणजे अनुभवाने प्रसूती करण्यात तरबेज झालेली गावातील स्त्री. ती बहुधा मांग, महार किंवा न्हावी समाजातील असे, आणि धान्य, लुगडे, नारळ अशा रूपात तिला मोबदला मिळे. पोटावर हात फिरवून मूल आडवे आहे की पायाळू हे ओळखणे, कळा देणाऱ्या स्त्रीला धीर देणे, वार म्हणजे गर्भाला पोसणारा अवयव पूर्ण पडला आहे की नाही हे पाहणे आणि पुढे बाळ-बाळंतिणीला तेल लावून शेक देणे, ही तिची कामे होत. तिच्या हातातील कौशल्य खरे होते, पण जंतुसंसर्गाचे ज्ञान त्या काळी कोणालाच नव्हते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्यास लावून बाळंतज्वराचे मृत्यू कमी करून दाखवले ते १८४७ मध्ये, आणि तेथील वैद्यकवर्गानेही ते लगेच मान्य केले नाही.

अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यास तिच्यातून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या शरीरात शिरत आणि जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत बाळाचा जबडा आवळून त्याला झटके येऊ लागत. नेमक्या याच काळात पाचवी आणि सटवाईची पूजा येते, रात्र जागवली जाते आणि काही घरांत नाळ कापलेले हत्यारही पूजेत मांडले जाते. या विधींचा उगम रोगातच आहे असे म्हणता येत नसले, तरी पहिल्या आठवड्याविषयी समाजाच्या मनात बसलेल्या धास्तीला अनुभवाचा आधार होता, हे त्यांवरून दिसते.

पुणे शहरात सुरक्षित बाळंतपणाचा प्रश्न सार्वजनिक झाला तो वैद्यकाच्या आधी समाजसुधारणेच्या वाटेने. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात विधवांना गुप्तपणे बाळंत होण्याची सोय होती. तेथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री डॉक्टरांची निकड मांडली, कारण पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा अनेक स्त्रिया दुखणे अंगावर काढत. पौगंडवयातच मातृत्व आलेल्या आणि अवघ्या दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री विभागासाठी त्यांची निवड झाली होती, मात्र काम सुरू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

एकेका स्त्री डॉक्टरच्या कर्तृत्वाने प्रश्न सुटणार नव्हता, हे ओळखून पुढील पिढीने परिचारिका घडवण्यावर भर दिला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिका व प्रसूतिसेविका यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. ज्या कामाकडे उच्चवर्णीय घरे विटाळाचे म्हणून पाहत, ते काम त्याच घरांतील विधवा पगारी व्यवसाय म्हणून करू लागल्या आणि दवाखान्यात बाळंत होण्याची लाज हळूहळू ओसरली.

पेठांमधील हा बदल नगर रस्त्याच्या खेड्यांकडे नेण्याचा ठळक प्रयत्न रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाने केला. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या या रुग्णालयात प्रसूतितज्ज्ञ डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये रुजू झाल्या, तेव्हा ते चाळीस खाटांचे होते. रुग्णालय वाढत गेले, परंतु खेड्यांतून येणाऱ्या अनेक स्त्रिया फार उशिरा पोहोचतात हे त्यांनी पाहिले, आणि १९७२ मध्ये वाघोलीच्या पुढे, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला. गावातल्याच व्यक्तींना शिकवून त्यांच्याकरवी प्राथमिक आरोग्यसेवा घरोघरी द्यायची आणि अवघड रुग्ण तेवढे वर पाठवायचे, अशी त्याची रीत होती. या कार्यासाठी डॉ. कोयाजी यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हेच तत्त्व २००५ नंतर ‘आशा’ कार्यकर्तीच्या रूपाने देशभर पोहोचले. गर्भवतीची नोंद करणे, धनुर्वाताची लस मिळवून देणे, कळा सुरू झाल्यावर रुग्णवाहिका बोलावून सोबत जाणे ही तिची कामे, आणि त्यांपैकी सोबत जाण्याचे मोल सर्वांत मोठे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५–०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते, ते २०१९–२१ पर्यंत सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. २०१८–२० या काळात राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतके खाली आले होते. खाणीवर किंवा बांधकामावर काम करणाऱ्या, दर हंगामात मुक्काम हलवणाऱ्या कुटुंबांपुढची अडचण मात्र वेगळी असते. गर्भवतीची नोंद एका गावी आणि प्रसूती दुसऱ्या गावी झाली, की जवळ रुग्णालय असूनही तपासण्यांचा धागा तुटतो.

आता प्रश्नाचे स्वरूपही पालटले आहे. त्याच सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे एक चतुर्थांश प्रसूती सिझेरियन शस्त्रक्रियेने होतात आणि खासगी रुग्णालयांत हे प्रमाण त्याहून बरेच अधिक आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्वतंत्र प्रसूतिसेविकांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनुसार पात्र परिचारिकेने अठरा महिन्यांचे जादा प्रशिक्षण घेऊन सरळ बाळंतपणे स्वतः करायची आणि गुंतागुंतीची तज्ज्ञाकडे सोपवायची आहेत. विज्ञान शिकलेल्या प्रसूतिसेविकेची ही योजना पाहता, प्रसूतितज्ज्ञांची संख्या वाढली म्हणून मधल्या स्त्रीची गरज संपत नाही, हा या परिसराच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष आजच्या धोरणालाही लागू पडतो.