पहिल्या तबकडीचा मान

गाण्याची आवड असलेली चार माणसे एकत्र जमावीत आणि त्यांच्यात वाद होऊ नये, असे सहसा घडत नाही. घराणे कोणते श्रेष्ठ, ख्याल मोठा की नाट्यपद मोठे, हे वाद आता जुने झाले. अलीकडे त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. गायकाच्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रिकांत, किंवा आजच्या तरुणांच्या भाषेत पहिल्या 'अल्बमां'त, सर्वांत थोर कोणता? पाश्चात्य संगीताचे चाहते या प्रश्नावर रात्रीच्या रात्री घालवितात. आमच्या हिंगोलीसारख्या आडबाजूच्या जिल्ह्यातही तरुण मंडळी त्यावर हिरिरीने बोलताना आढळतात. वाद मनोरंजक आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या बुडाशी जो समज आहे, तो तपासून पाहिल्यावाचून निकालाकडे धाव घेणे आम्हांस इष्ट वाटत नाही. कलावंताचा मोठेपणा त्याच्या पहिल्याच पावलात दिसून आला पाहिजे, असा तो समज होय.

प्रथम इतिहासाकडे वळू. आपल्या देशात तबकडीचे युग सुरू झाले ते 1902 च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक तेथे उतरला आणि कर्ण्यासमोर गायकांस उभे करून त्याने त्यांचे सूर मेणावर उतरवून घेतले. त्या मुद्रणाचे नाव निघताच सर्वांच्या तोंडी येते ते गौहरजानचे. तबकड्या छापावयास जर्मनीत हॅनोव्हरला जात. तेथील कारागिरांस आवाज कोणाचा हे कळावे म्हणून गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत उच्चारी, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तिच्या आधी काही दिवस त्याच कर्ण्यासमोर शशिमुखी आणि फणिबाला या बंगाली रंगभूमीवरील दोन तरुणी गाऊन गेल्या होत्या. पहिलेपणाचा मान न्यायाने त्यांचा. त्यांची आठवण आज किती जणांस आहे? आमच्या तबकडीच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर हा धडा लिहिलेला आहे. पहिले असणे ही एक गोष्ट आणि आरंभ करणे ही दुसरी.

'अल्बम' या शब्दाचीही थोडी विचारपूस केली पाहिजे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. अशा अनेक तबकड्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधीव पुस्तकात ठेवून विकत, म्हणून त्या पुस्तकास अल्बम म्हणू लागले. 1948 साली अमेरिकेत दीर्घ वादनाची तबकडी निघाली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली, तेव्हा ते नाव एकाच तबकडीस चिकटले. तात्पर्य, आमच्या थोर गायकांच्या दोन पिढ्यांस 'पहिला अल्बम' म्हणून काही नव्हतेच. त्यांच्या वाट्यास आली होती ती तीन मिनिटे. आणि ज्याची मैफल रात्र रात्र रंगे, त्याने आपले सर्वस्व तीन मिनिटांत कसे ठेवावे?

यावर कोणी म्हणेल की, अल्बम नसला तरी पहिले गाणे तर असतेच. त्यावरून पारख करू. पण 'पहिले' म्हणजे कोणते, हेच ठरविणे किती अवघड आहे पाहा. लता मंगेशकरांनी 1942 साली 'किती हसाल' या मराठी चित्रपटासाठी आपले पहिले गाणे म्हटले. ते चित्रपटातून गाळण्यात आले. ज्या कंठाने पुढे साऱ्या देशास वेड लावले, त्याचे पहिले गीत रसिकांच्या कानी पडलेच नाही. किशोरीताई आमोणकरांच्या दीर्घ वादनाच्या आरंभीच्या तबकड्यांविषयी जाणकार भरभरून बोलतात. पण 1964 सालीच 'गीत गाया पत्थरों ने' या हिंदी चित्रपटात त्यांचा आवाज लोकांनी ऐकला होता. मग त्यांचा प्रथम प्रवेश कोणता मानावा?

कुमार गंधर्वांचे उदाहरण याहूनही विलक्षण आहे. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी मुंबईच्या जिना हॉलमधील परिषदेत या मुलाने जाणकारांस थक्क करून सोडले. परंतु थक्क करणारी गोष्ट होती ती ही की, मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांची गायकी तो हुबेहूब उतरवी. ते कौतुक यथार्थच होते; तथापि त्या गाण्यात कुमारांचे स्वतःचे असे किती होते? पुढे क्षयाने त्यांस गाठले. 1948 साली ते देवासला गेले आणि काही वर्षे गाणे बंद राहिले. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, आपल्या गायनाचा मुळापासून विचार केला, आणि 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा जो गायक समोर आला, तो कोणाचाही प्रतिध्वनी नव्हता. त्यांचा खरा प्रथम प्रवेश हाच, असे आम्हांस वाटते; पण पंचांग पाहणाऱ्याच्या लेखी तो दुसरा ठरेल.

पहिल्या कृतीची थोरवी सांगणारे तिच्या परिपक्वतेचा दाखला देतात. इंग्लंडच्या बीटल्स या चौघांनी 1963 च्या फेब्रुवारीत आपल्या पहिल्या तबकडीवरील चौदांपैकी दहा गाणी एकाच दिवसात मुद्रित केली, याचे मोठे नवल सांगितले जाते. परंतु त्या एका दिवसामागे हॅम्बर्गच्या मद्यगृहांत तासन् तास गाऊन काढलेल्या किती रात्री होत्या, हे सांगावयाचे राहून जाते. पहिली तबकडी म्हणजे आरंभ नव्हे. दीर्घ अज्ञातवासाचा तो शेवट होय. उलटपक्षी, ज्यांचा अज्ञातवास तबकडीपूर्वी संपला नव्हता, त्यांच्यावर या पारखीने अन्याय होतो. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी 1905 च्या सुमारासच कर्ण्यापुढे गाऊन ठेवले होते. पण आज घरोघर ज्या तबकड्या जिवापाड जपल्या जातात, त्यांत अखेरच्या वर्षांतल्या, 1930 नंतरच्या, पुष्कळ आहेत. खाँसाहेब 1937 साली निवर्तले. आरंभीच्या तबकड्यांवरून त्यांचा निकाल लावून रसिक मोकळे झाले असते, तर नुकसान कोणाचे झाले असते?

मग पहिल्या तबकडीस थोर म्हणावयाचे ते कशावरून? आमचे मत असे की, ती किती पक्व आहे यावरून नव्हे, तर तिने दुसऱ्यांत काय पेरले यावरून. 1967 साली न्यूयॉर्कच्या वेल्व्हेट अंडरग्राउंड या मंडळीची पहिली तबकडी निघाली. खप बेताचा झाला. परंतु ज्यांनी ती घेतली त्यांतील प्रत्येकाने पुढे स्वतःचा वाद्यवृंद काढला, असे पाश्चात्यांत विनोदाने बोलले जाते. विनोद सोडून दिला तरी त्यातील कसोटी अस्सल आहे.

या कसोटीस उतरणारी तबकडी मराठीत शोधू गेल्यास आमची नजर पुण्या-मुंबईकडे न जाता येथून फार दूर नसलेल्या वऱ्हाडातील मेहकरकडे वळते. तेथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी चाल लावून गायिली आणि 1932 च्या सुमारास ती तबकडीवर निघाली. कवी आणि गायक दोघेही तरुण, दोघेही कायद्याचे पदवीधर. मराठी भावगीताची पहिली तबकडी म्हणून जाणकार तिचेच नाव घेतात. तोवर मराठी घरांत वाजे ते बहुतांशी नाटकातील पद, नाही तर बैठकीतील चीज. कोणत्याही पात्राच्या तोंडचे नसलेले, कवीने स्वतःच्या मनासाठी लिहिलेले काव्य नुसते गाणे म्हणून ऐकावयाचे, ही चाल या तबकडीने रूढ केली. गजानन वाटवे आदींनी पुढे तो मार्ग प्रशस्त केला. आणि गंमत अशी की, 'शीळ' हा कवीचा पहिला संग्रह छापून निघाला तो 1954 साली. कवीचा प्रथम प्रवेश कागदावर न होता लाखेच्या तबकडीवर झाला. पुस्तक वीस वर्षे मागाहून आले. गळ्याच्या तयारीने यापेक्षा सरस तबकड्या त्या काळात शेकड्यांनी निघाल्या असतील; इतकी संतती त्यांपैकी फार थोड्यांना लाभली.

ही संतती कोठे जन्मास येईल, हे कोणास सांगता येत नाही. गदगच्या एका मुलाच्या कानावर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवरून पडली, आणि 1933 साली, अकरा वर्षांच्या वयात, गाणे शिकण्यासाठी त्याने घर सोडले. ती खाँसाहेबांची पहिली तबकडी की पन्नासावी, याच्याशी त्यास कर्तव्य नव्हते. त्याच्या आयुष्यातील ती पहिली होती, एवढे पुरे. तोच मुलगा पुढे पंडित भीमसेन जोशी म्हणून विख्यात झाला.

आणि येथे हा विषय आमच्या दारी येऊन पोहोचतो. राम फाटकांच्या चालीत भीमसेनांनी गाइलेला, तीर्थ आणि क्षेत्र विठ्ठलातच पाहणारा अभंग महाराष्ट्रात कोणी ऐकला नाही? तो नामदेवांचा, आणि परंपरा नामदेवांचे जन्मस्थान सांगते ते याच जिल्ह्यातील नर्सी. सातशे वर्षांपूर्वीचे शब्द तबकडीच्या मार्गाने पुन्हा माहेरी आले. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता; दरबाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी शब्द येथे पिढ्यान् पिढ्या जपला तो मुख्यतः भजनाने आणि कीर्तनाने. नामदेवांची 61 पदे शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. त्यांचे अभंग वारकऱ्यांच्या मुखी आहेत. परंतु त्यांचा पहिला अभंग कोणता, हा प्रश्न भजनी मंडळांत कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेथे विचारतात ते एवढेच की, आज म्हणावयाचा कोणता.

हा केवळ रसिकांचा वाग्विलास असता तर आम्ही त्यावर इतकी शाई खर्चिली नसती. पण या पहिलेपणाच्या हव्यासाची झळ पोहोचते ती नवख्यांस. आज कळमनुरीचा किंवा वसमतचा एखादा मुलगा हातातील यंत्रावर आपले गाणे मुद्रित करून घटकाभरात जगापुढे ठेवू शकतो. गैसबर्गच्या कर्ण्यासमोर उभे राहण्याची संधी ज्यांस कधीच मिळाली नसती, त्यांस ती मिळाली, हे युगाचे मोठे देणे होय. परंतु त्याच घटकेस त्याचा निकालही लागतो. अज्ञातवासाची जी वर्षे बीटल्सना हॅम्बर्गात आणि कुमारांना देवासला मिळाली, ती त्यास कोण देणार? पहिल्याच गाण्यात तेज दिसले नाही म्हणून पाठ फिरविणारा रसिक आपण मोठी पारख केली असे समजतो. वस्तुतः त्याने अंकुर पाहून झाडास नापास केलेले असते.

औंढ्याच्या नागनाथाची आख्यायिका या भागात मुलांनाही पाठ आहे. देवळासमोर कीर्तन करण्यास मज्जाव झाला तेव्हा नामदेव मागील बाजूस जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. देऊळ फिरले की नाही हे श्रद्धेने ठरवावे. पण मागील बाजूस गाणाऱ्याकडे तोंड फिरविण्याची तयारी श्रोत्याने ठेवावी, एवढा बोध घेण्यास श्रद्धेचीही गरज नाही. थोर पहिल्या तबकड्यांची यादी तरुणांनी खुशाल करावी. मात्र तिच्या शेजारी दुसरी एक यादी अवश्य ठेवावी: ज्यांचे पहिले गाणे गाळले गेले, विसरले गेले किंवा दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल ठरले, आणि ज्यांनी तरीही गाणे सोडले नाही, अशांची. आमच्या अजमासाने ती यादी पहिलीपेक्षा लांब होईल, आणि तीतील नावेही काही कमी मोठी नसतील.