सोआवे : टेकडीवरची आणि सपाटीवरची

इटलीच्या ईशान्येस, व्हेरोना शहराजवळील सोआवे गावाच्या नावाने ही ड्राय व्हाइट वाइन ओळखली जाते. तिच्यात गार्गानेगा द्राक्षे किमान ७० टक्के असावी लागतात. १९६८ मध्ये तिला 'डीओसी' हा मूळस्थानाचा दर्जा मिळाला. पुढे मागणी वाढली, लागवड सपाटीवर पसरली आणि भरघोस पिकाची पाणचट वाइन याच नावाने जगभर गेली. त्या बदनामीची झळ टेकड्यांवरील कसबी उत्पादकांनाही बसली. म्हणूनच बाटलीवर 'क्लासिको' हा शब्द पाहून घ्यावा. जुन्या टेकड्यांची ती खूण होय. चवीत लिंबाचा ताजेपणा, शेवटी बदामाचा किंचित कडवटपणा. गोड्या पाण्यातील मासे किंवा व्हेनेतो प्रांतातील तांदूळ-मटारांची 'रिझी ए बिझी' यांच्यासोबत ती खुलते. झणझणीत रश्श्यापुढे मात्र तिचा निभाव लागणे कठीण.