ग्रीन कार्ड मिळालं, बायको मात्र सांगलीतच

हेडफोन लावलेत ना? चला. आजची गोष्ट सुरू होते सांगलीत, मे १९९६ मध्ये. माझ्या आत्याचं लग्न. नवरा न्यू जर्सीत इंजिनिअर, त्यात ग्रीन कार्डवाला. त्या काळी स्थळाच्या माहितीत 'ग्रीन कार्ड' दिसलं की पत्रिकेकडे कोणी फारसं बघायचं नाही. लग्न झालं, तीन आठवड्यांनी काका परत गेले. आणि आत्या? सांगलीतच. थेट २००१ पर्यंत.

त्याच उन्हाळ्यात काकांच्या एका मित्राचंही लग्न झालं. तो एच-वनवर, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर. त्याची बायको एच-फोर घेऊन दोन महिन्यांत विमानात बसली! म्हणजे ज्याला 'कायमचा राहा' म्हटलं त्याची बायको बाहेर आणि ज्याला 'मुदत संपली की जा' म्हटलं त्याची आत. आजी विचारायची, "हा कुठला न्याय?" तिला कोणी नीट उत्तर दिलं नाही. मी आज प्रयत्न करतोय.

१९२४ साली अमेरिकेने देशागणिक कोटा ठरवला. नागरिकाच्या बायकोला कोट्यातून सूट होती. पण जो तिथे राहतो, कमावतो, कर भरतो, फक्त नागरिक झालेला नाही, त्याच्या बायकोला सूट नाही. १९२८ मध्ये तिला कोट्याच्या आत प्राधान्य मिळालं. रांग तीच, जागा जरा पुढे. नागरिकाला बायको आणायचा हक्क, रहिवाशाला रांगेतला नंबर: हा फरक तेव्हा पडला, तो आजतागायत आहे.

आपल्या लोकांना तर तेव्हा ही रांगही नव्हती. १९१७ च्या कायद्याने भारतातून जाणाऱ्या मजुरांना दार बंद झालेलं, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. कॅलिफोर्नियात शेती करणारे पंजाबी यात अडकले. काहींच्या बायका गावी होत्या, त्या गावीच राहिल्या. अनेकांनी तिथल्या मेक्सिकन बायकांशी संसार मांडले. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, भारताला वर्षाला १०० जागा. हो, शंभरच!

मग १९६५ चा मोठा कायदा. देशागणिक जुना कोटा गेला, नागरिकाच्या नवरा-बायकोला मर्यादा नाहीच. ग्रीन कार्डवाल्याचा जोडीदार मात्र 'दुसऱ्या प्राधान्यात', मोजक्या जागांत. १९९० मध्ये त्या प्राधान्यासाठी १,१४,२०० चा आकडा ठरला. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जागा जोडीदार आणि लहान मुलांच्या, उरलेल्या अविवाहित मोठ्या मुलांच्या. आणि ही सोय जगभरासाठी हं!

आता नव्वदच्या दशकातच रांग एवढी का लांबली? १९८६ मध्ये अमेरिकेने कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांना माफी दिली. जवळपास २७ लाख लोक कायदेशीर झाले. त्यांनीही बायका-मुलांसाठी अर्ज भरले. त्यांची काय चूक? पण आत्या त्यांच्या मागे उभी राहिली.

बरं, तोवर भेटायला तरी जावं? टुरिस्ट व्हिसा मागितला की अधिकारी फाइल बघणार: हिचा कायमचा अर्ज आधीच पडलाय, ही परत कशाला येईल? नकार. आत्याला दोनदा मिळाला. मग काकांनी इकडे येऊन राहावं? सलग वर्षभर बाहेर राहिलं तर कार्डच धोक्यात. त्यामुळे वर्षातून तीन आठवडे आणि एरवी कोपऱ्यावरचा पिवळ्या बोर्डाचा एसटीडी-आयएसडी बूथ. आत्या अजून सांगते, तिचं लक्ष नवऱ्याच्या आवाजापेक्षा मीटरच्या लाल आकड्यांवर जास्त असायचं.

डिसेंबर २००० मध्ये अशाच जोडप्यांसाठी 'व्ही' व्हिसा आला: अर्ज भरून तीन वर्षं झाली असतील तर आत येऊन थांबा. पण २१ डिसेंबर २००० नंतर भरलेल्या अर्जांना तो नाही. आत्याचा नंबर तोवर तसाही लागत आला होता. वराती मागून घोडं, दुसरं काय!

खरी मेख अजून सांगितलीच नाही. नोकरीतून ग्रीन कार्ड मिळायच्या *आधी* लग्न झालं असेल, तर जोडीदार त्याच अर्जाच्या आधारे मागून येऊ शकतो, या वेगळ्या रांगेत न जाता. लग्न कार्डानंतर झालं की नवा अर्ज, नवी रांग. म्हणून आज आयटीतल्या मुलांच्या घरी आधी व्हिसा बुलेटिन उघडतात, मग पंचांग. जुलै २०१९ मध्ये ही रांग चक्क संपली होती, पण एप्रिल २०२३ मध्ये तारखा पुन्हा मागे गेल्या. तेव्हा तारीख बघूनच हॉल बुक करा.

हॉलवरून आठवलं. आत्याचं लग्न मुळात डिसेंबर १९९५ मध्ये ठरलं होतं. हॉल मिळाला नाही म्हणून मे महिन्यावर गेलं. काकांचं कार्ड आलं फेब्रुवारीत.

आत्याला हे कळलं न्यू जर्सीत, २००१ मध्ये, एका वकिलाच्या ऑफिसात. आजीला तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.