खोलीच्या तापमानाचे सलाईन

जुलै-ऑगस्टात बहारीनला नवीन आलेल्या पाहुण्याला आपण एक युक्ती हमखास सांगतो : गीझर बंद ठेवा आणि गार पाणी हवे असेल तर गरम पाण्याचा नळ सोडा. गच्चीवरच्या टाकीतले पाणी अंग पोळते, घरातल्या गीझरमधले मात्र निवलेले असते. नळावरची लाल-निळी खूण काहीही म्हणो, पाणी गार की गरम हे जागा आणि ऋतू ठरवतात. जिदहफ्सला राहून हा धडा माझ्या अंगवळणी पडला आहे. शस्त्रक्रियेत आतला भाग धुण्यासाठी वापरतात त्या द्रवांच्या तापमानाचा इतिहास वाचताना हाच धडा पुन्हा भेटला.

हे द्रव 'खोलीच्या तापमानाला' वापरायचे, असा जुना रिवाज. पण खोली कुठली? डॉ. वानलेस यांनी मिरजेचे मिशन इस्पितळ 1894 साली सुरू केले. इथे मनामाला अमेरिकन मिशनचे इस्पितळ 1903 साली उघडले. तेव्हा वातानुकूलन कुठले? ऐन उन्हाळ्यात तिथली बाटली आपोआपच कोमट असणार. पुढे एअर कंडिशनर आला, सर्जनचा घाम थांबला, आणि खोलीबरोबर बाटलीही 20-21 अंशांवर उतरली. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पंधरा अंशांनी घसरला.

याचा फटका विशेषतः दुर्बिणीतून होणाऱ्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनला बसतो. 1926 साली अमेरिकेत मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी त्यासाठीचे विजेवर चालणारे उपकरण पुढे आणले. सर्जनला दिसावे म्हणून मूत्राशयातून सतत द्रव खेळवावा लागतो. मिठाच्या पाण्यातून वीज वाहून जाते, म्हणून साधे शुद्ध पाणी वापरत. ते उघड्या शिरांतून रक्तात शिरले की तांबड्या पेशी फुटतात, हे मिनेसोटाच्या क्रीव्ही यांनी 1947 साली दाखवून दिले. लगेच 1948 मध्ये ग्लायसीनचे द्रावण आले. द्रवात काय असावे, याची चिंता अशी वेळेवर झाली. तो किती गरम असावा, हा प्रश्न मात्र मागे पडला. कोमट द्रवाने रक्तस्राव वाढेल अशीही धास्ती होती. प्रत्यक्षात शरीर गार पडले की रक्त गोठण्याची क्रियाच मंदावते.

आता थोडे गणित. इंजिनियरला त्यावाचून चैन पडत नाही. 70 किलोच्या माणसाचे तापमान एक अंशाने उतरायला सुमारे 58 किलोकॅलरी जाव्या लागतात. समजा, ऑपरेशनात 15 लिटर द्रव वापरला आणि आतून बाहेर येईपर्यंत तो फक्त पाच अंशांनी तापला. तरी 75 किलोकॅलरी गेल्या! स्वस्थ पडलेले शरीर तासाभरात जेमतेम 70 कमावते. म्हणजे तासाची सगळी कमाई धुण्याच्या पाण्यात गेली. भुलेखाली शरीराचे स्वतःला ऊब राखण्याचे उपायही लुळे पडतात. माझे एक काका अशा ऑपरेशननंतर दोन पांघरुणांखाली हुडहुडत होते. घरच्यांनी ते वयावर ढकलले.

थंडी नेहमीच वैरी असते असे नाही. 1959 च्या सुमारास शमवे यांनी हृदयाभोवती गार सलाईन खेळवून त्याला शस्त्रक्रियेपुरते जपण्याची रीत रुळवली. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 साली मुंबईच्या के. ई. एम. मध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले. जगभर त्या काळात झालेल्या अशा प्रयत्नांमागे ही विद्या होती. पण तो गारवा जाणूनबुजून, मोजून दिलेला. प्रश्न आहे तो नकळत लागणाऱ्या गारव्याचा.

त्याची किंमत 1996 साली कळली. मोठ्या आतड्याच्या 200 रुग्णांवरील अभ्यासात, ऊब राखलेल्यांपैकी 6 टक्क्यांच्या जखमा चिघळल्या. गार पडलेल्यांत हेच प्रमाण 19 टक्के होते. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2008 साली धुण्याचे द्रव 38 ते 40 अंशांपर्यंत तापवावेत असे सांगितले. मात्र 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात शिरेतून दिलेल्या उबदार द्रवाचा फायदा दिसला, तर धुण्याच्या द्रवाचा ठोस फायदा सिद्ध झाला नाही. तेव्हा केवळ बाटली तापवून भागत नाही; उबदार हवेचे पांघरूण, शिरेतला द्रव आणि तापमानाची नोंद हे सारे जुळून यावे लागते. अंदाजाने तापवणेही धोक्याचे, कारण अतिगरम द्रवाने रुग्ण भाजतो.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचे ऑपरेशन पुण्यात असो वा इथे, आपण रजा, तिकिटे आणि विमा यांची चौकशी करतो. त्यात एक प्रश्न वाढवू या. भूलतज्ज्ञांना नम्रपणे विचारावे : "ऑपरेशन चालू असताना त्यांचे तापमान कसे मोजणार, आणि ऊब कशी राखणार?" विचारायला पैसे पडत नाहीत, आणि म्हातारपणी एका अंशाची ऊबही मोलाची असते.