सायकलचा मागचा दिवा आणि एक जुना वाद

१/ सायकलला मागे तांबडा दिवा असावा, याबद्दल आज दुमत नाही. परंतु दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनमध्ये या दिव्याच्या सक्तीला ठाम विरोध केला तो सायकलस्वारांच्याच संघटनेने, सायकलिस्ट्स टूरिंग क्लबने.

२/ क्लबचा युक्तिवाद असा: समोर दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल, अशाच वेगाने मोटार हाकणे हे चालकाचे कर्तव्य होय. मागचा दिवा सक्तीचा झाला, की अपघाताचा दोष सायकलस्वाराच्या माथी येईल.

३/ या शंकेला तांत्रिक आधारही होता. तेलाचा दिवा वाऱ्याने विझे, बॅटरी संपे, डायनमोचा दिवा चाक थांबताच मावळे. आणि पाठीमागचा दिवा विझल्याचे स्वाराला कळतही नसे.

४/ १९२७ च्या कायद्याने दिव्याऐवजी तांबडा रिफ्लेक्टरही चालवून घेतला. १९३९ मध्ये युद्धकालीन ब्लॅकआउटमध्ये मोटारींचे दिवे झाकले गेले आणि सायकलचा मागचा दिवा सक्तीचा झाला. १९४५ च्या कायद्याने ती सक्ती कायम झाली.

५/ आज डायनमोच्या अनेक दिव्यांत कपॅसिटर असतो. चाक थांबले तरी ते काही मिनिटे तेवत राहतात. दिवा निवडताना हा गुण अवश्य पाहावा. यंत्राचा प्रश्न असा बव्हंशी सुटला. क्लबचा प्रश्न मात्र उरलाच: रस्त्यावर दिसण्याची जबाबदारी सायकलस्वाराची, की पाहण्याची चालकाची?