गुलाब, लघु (मिनिएचर गुलाब)

लहान पाने, लहान फुले आणि साधारण १५–४५ सेंमी. उंची असलेला गुलाबाचा बुटका प्रकार. रोपवाटिकांत ‘बटन गुलाब’. [→ गुलाब].

मूळ चिनी गुलाबात. १९२० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील खिडक्यांतल्या कुंड्यांत आढळलेल्या ‘रूलेटी’ या गुलाबापासून आधुनिक वाण निघाले, कॅलिफोर्नियात राल्फ मूर (१९०७–२००९) यांनी शेकडो वाण तयार केले.

अभिवृद्धी छाट कलमाने [→ कलमे]. रोप स्वतःच्याच मुळांवर वाढते, त्यामुळे खुंटाचे फुटवे येत नाहीत. खोलीत रोज ५–६ तास ऊन येणारी खिडकी लागते. अंधाऱ्या दिवाणखान्यात रोप टिकत नाही.

सावदा (ता. रावेर, जि. जळगाव) या केळीच्या पट्ट्यात [→ केळ] खरी कसोटी मे महिन्याची : पारा ४५° से.जवळ जातो, छोटी कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते. तेव्हा सकाळचे ऊन, दुपारी सावली, दोन वेळा पाणी. काळी माती एकटी वापरू नये. ती ओली असता चिकटते, सुकता भेगाळते. त्यात वाळू व कुजलेले शेणखत मिसळतात. उन्हाळ्यात पानाच्या पाठीवर तांबूस ठिपके व बारीक जाळी दिसल्यास लाल कोळी ही कीड समजावी. पानांखालून पाण्याचा फवारा मारतात. छाटणी ऑक्टोबरात.